काचेचा धागा आणि कोरडवाहूचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज कापसाच्या खरेदीवर बोलायचे ठरले आहे, ते आम्ही दुपारच्या सत्रात बोलणारच आहोत. पण काल संध्याकाळी येथे उतरल्यापासून निदान सहा-सात जणांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "गावात फायबरवाला आला आहे. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतो. घ्यावे की नको?" एका माउलीने तर विचारले, "पोरगी म्हणते घ्या, तिचे बाबा म्हणतात मोबाइल आहे ना; तुम्हीच काय ते सांगा." आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे. मातीचा, बोंडअळीचा प्रश्न विचारला तर उत्तर तोंडपाठ असते, तारांचे तसे नाही. पण हा प्रश्न तारेचा कमी आणि खर्चाचा जास्त आहे, आणि खर्चाचा प्रश्न आला की तो या मांडवातला प्रश्न झाला.

फायबर म्हणजे धागा. धाग्याचे तुम्हा-आम्हाला काय नवल? आपले सारे आयुष्य धाग्यात गेले. कापसाचा एक तंतू साधारण पंधरा-वीस मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले पंधरा-वीस भाग. या काचेच्या तारेत ज्या गाभ्यातून उजेड धावतो तो गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास. आपल्या कापसाच्या तंतूहूनही बारीक. भोवती काचेचाच आणखी एक थर असतो, त्यावर प्लॅस्टिक, आणि मग ती काळी केबल होते. त्यातून वीज जात नाही, उजेडाची उघडझाप जाते. एवढे कळले की पुढचा हिशेब सोपा आहे.

ज्यांच्या घरी पूर्वी टेलिफोनची तांब्याची तार होती आणि त्यावर इंटरनेट घेतले होते, त्यांना आठवत असेल. आमच्याही घरी होते. केंद्रापासून घर तीन-चार किलोमीटर लांब असले की वेग निम्म्यावर यायचा, कारण तांब्यात लांबीबरोबर संदेश क्षीण होतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की तारेत खरखर, आणि वीज कडाडली की मोडेम जळालेच. दोन पावसाळ्यांत आमची दोन मोडेम गेली. काचेतून आकाशातली वीज आत येत नाही, हा त्याचा खरा गुण आहे. मात्र काही केबलींत ताणाला टिकावी म्हणून पोलादी तार घातलेली असते, आणि डबा शेवटी घरच्या विजेवरच चालतो. तेव्हा ढग गडगडू लागले की खटका काढायचा, ही सवय सोडू नका.

आता सरकारने काय केले ते दोन वाक्यांत. ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार न्यायची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले, मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. या सुधारित कार्यक्रमातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूर्वीची तार झाडाच्या फांदीसारखी, तालुक्याकडून एकीकडून गावाकडे जाणारी. एका ठिकाणी तुटली की पुढची सारी गावे बंद. नवी रचना कड्यासारखी आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने संदेश येतो. तुमच्या गावाला येणारी तार फांदीची की कड्याची, हे त्या फायबरवाल्याला विचारा. त्याला सांगता आले तर माणूस जाणता आहे.

आता मुळावर येऊ. आपल्याला इंटरनेट लागते कशाला?

ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर आली. ती कोठे करायची? शेतात उभे राहून. फायबर येते घरात, आणि शेत असते दोन किलोमीटरवर, नाल्यापलीकडे. तेथे घरची तार पोचत नाही. सातबारा उतरवून घ्यायचा तर तो काही शे केबीचा कागद. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' हे मोबाइल अ‍ॅप काढले. त्यात नाव नोंदवणे, कागद चढवणे, दिवस मागणे, हे सारे मिळून फार तर काही एमबीचे काम. बाजारभाव, हवामान, बँकेचा संदेश, सारे तसेच. म्हणजे शेतीच्या कामाला जेवढे इंटरनेट लागते तेवढे चालू टॉवरखाली साध्या मोबाइलवर भागते. अडचण होते ती वेग कमी म्हणून होत नाही. तलाठ्याच्या नोंदीत कपाशीच्या जागी सोयाबीन लागलेले असते, आधारचा नंबर जुन्या मोबाइलला जोडलेला असतो, पलीकडचे संकेतस्थळच बसलेले असते. त्याला तुमच्या घरची तार काचेची असो की सोन्याची, काही फरक पडत नाही.

आम्ही कृषी महाविद्यालयात असताना लिबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचा नियम शिकलो होतो. पिकाची वाढ सगळ्यात कमी पडणाऱ्या घटकावर ठरते. तुम्ही तो न शिकता पाळता. जमिनीत ओल नाही आणि कोणी म्हणाले आणखी एक गोणी युरिया टाक, तर तुम्ही त्याला वेड्यात काढता. पऱ्हाटी युरियाने वाढत नाही, ओलीने वाढते. ओल असेल तरच युरिया कामाला येतो. इंटरनेटचे तसेच आहे. घरात कमी काय पडते ते आधी शोधा. फोनच आठ वर्षांपूर्वीचा असेल, त्याची जागा फोटो-व्हिडिओंनी भरलेली असेल, तर फायबर आणले तरी तो फोन रखडतच चालणार. घरची वीज दिवसातून चार तास जात असेल तर तेवढे तास डबा बंद. टॉवरची रेंज फक्त घराच्या धाब्यावर येत असेल आणि घरात अजिबात येत नसेल, तर मात्र कमी पडणारा घटक जोडणीच आहे, आणि तेथे फायबर ओलीचे काम करील.

कोणत्या घरात जोडणी खरोखर कमी पडते? जेथे शिकणारी मुले आहेत त्या घरात. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही पाहिले, एका घरात तीन मुले आणि फोन एक. धाकट्याचा वर्ग सकाळी, मोठीचा दुपारी, आणि बापाला कापसाच्या गाडीचा फोन आला की दोघांचाही वर्ग बंद. तो काळ गेला, पण शिकवणीचे व्हिडिओ, सराव परीक्षा, अर्ज, हे मागे राहिले आणि वाढले. चांगल्या दर्जाचा तासभराचा व्हिडिओ पाहायला साधारण एक जीबी लागतो. मोबाइलच्या पॅकवर दिवसाला दीड जीबी मिळतो. म्हणजे दीड तासाचा अभ्यास झाला की पोरीचा दिवस संपला. स्पर्धा परीक्षेला बसणारी दोन मुले घरात असतील तर हा साधा गुणाकार आहे, चैन नव्हे.

दुसरे घर म्हणजे ज्याला काही पाठवायचे असते. मोबाइलवर आणि तांब्यावर खाली उतरवायचा वेग बरा, वर चढवायचा कमी. फायबरवर चढवायचा वेगही चांगला मिळतो. गावात बसून नोंदी भरण्याचे, हिशेब लिहिण्याचे, शिकवणीचे काम करणारा मुलगा वा सून असेल, सेवा केंद्र असेल, उत्पादक कंपनीचे कार्यालय असेल, तेथे विचार करायला जागाच नाही. घ्यावे.

आणि ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघेच आहेत, मुले पुण्याला? त्यांनी घेऊ नये. मुलाला व्हिडिओवर पाहायला दिवसाचा दीड जीबी भरपूर होतो.

मधल्या घरांचा हिशेब मांडू. सोपा आकडा धरा, महिन्याला पाचशे रुपये. जाहिरातीत पाचशे असतात, बिलात ५९० येतात, कारण वर १८ टक्के जीएसटी. मोबाइलच्या रिचार्जमध्ये कर धरलेला असतो, फायबरच्या जाहिरातीत बहुधा नसतो. ही पहिली गल्लत. वर्षाचे झाले ७,०८० रुपये. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे फायबर म्हणजे वर्षाला जवळजवळ एक क्विंटल कापूस. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ धरला तर जवळपास दोन क्विंटल ज्वारी. आणि हा एक क्विंटल कापूस काही नफा नव्हे. त्यात बियाणे आहे, खत आहे, फवारणी आहे, वेचाई आहे. कोरडवाहूत खर्च वजा जाता क्विंटलमागे काय उरते हे तुम्ही जाणता. बऱ्याच वर्षी काहीच उरत नाही. तेव्हा एका क्विंटलच्या किमतीची वस्तू विकत घ्यायला प्रत्यक्षात किती क्विंटल पिकवावे लागतात, हा आकडा आम्ही येथे सांगत नाही, घरी जाऊन आपापला काढा.

फायबरवाला मात्र दुसरा हिशेब सांगतो, आणि तो सगळाच खोटा नाही. तो म्हणतो, घरात चार फोन, प्रत्येकाचे रिचार्ज तीनशे रुपये, महिन्याला बाराशे. त्यापेक्षा फायबर स्वस्त. तपासून पाहू. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर दिवसाला दीड जीबीचा पॅक तीनशेच्या आसपास गेला हे खरे. त्यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्ष तेरा महिन्यांचे. आपल्याला अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, त्यांना दरवर्षी येतो. एका फोनचे ३,९०० झाले. पण फायबर घेतले म्हणून फोनचे रिचार्ज सुटत नाही, बोलायला ते लागतेच. शेतात जाणाऱ्याच्या फोनला डेटाही लागतो. तेव्हा चारपैकी फार तर दोन फोन, जे घरातच असतात, ते नुसत्या बोलण्याच्या पॅकवर नेता येतील. असे पॅक देणे नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना भाग पाडले, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते निघाले तेव्हा ८४ दिवसांना साडेचारशे-पाचशेच्या घरात होते. म्हणजे वर्षाला दोन हजार. एका फोनमागे १,९०० वाचले, दोन फोनांमागे ३,८००. ७,०८० मधून ते वजा केले की फायबरचा खरा बोजा उरतो ३,२८०. अर्ध्या क्विंटलहून कमी.

पण भावांनो, या हिशेबात एक भोक आहे, आणि ते फायबरवाल्याला दिसत नाही. आपल्या घरांत चारही फोन बारा महिने भरलेले असतात का? पेरणी ते दिवाळी, हातात पैसा नसताना, एक फोन भरलेला असतो आणि बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवर जगतात. अशा घरात वाचायला काही नसतेच. तेथे ७,०८० चे ७,०८० अंगावर पडतात, आणि तेही दर महिन्याला, जेव्हा आपले उत्पन्न वर्षातून एकदा. हे लक्षात घेऊनच आम्ही म्हणतो, सहा महिन्यांचे आगाऊ देऊ नका. महिन्याचे द्या. ज्या महिन्यात नको त्या महिन्यात बंद ठेवता येईल का, ते आधी विचारा. डबा कोणाच्या मालकीचा, अनामत किती, परत केव्हा, हे पावतीवर लिहून घ्या. बियाण्याची पावती जपता तशी ही जपा.

वेगाच्या आकड्यात आणखी एक गल्लत होते. बातमीत रुईच्या खंडीचा भाव येतो, खंडी असते ३५६ किलोची आणि ती रुईची. आपण तो ऐकून सरकीसकट कापसाच्या क्विंटलचा हिशेब करू लागतो आणि फसतो. इकडेही माप वेगळे आहे. '३० एमबीपीएस' म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट. आपल्या फोटोचे, व्हिडिओचे वजन असते मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ३० म्हटले की सेकंदाला पावणेचार एमबी. ते चार-पाच माणसांच्या घराला पुरेसे आहे. १०० घ्या, ३०० घ्या असा आग्रह झाला तर नको म्हणा. 'अमर्याद' या शब्दामागेही बहुधा एक मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी महिन्याला ३,३०० जीबी, त्यापुढे वेग पडतो. पण तेवढे वापरायला घरात सिनेमागृहच लागेल, तेव्हा त्याची चिंता करू नका.

खरी चिंता वेगळी आहे. गावातल्या पेटीतून एक धागा निघतो आणि तो वाटून ३२ किंवा ६४ घरांना जातो. त्या धाग्याची ताकद अडीच गिगाबिट. ६४ घरांनी एकदम वापरले तरी वाट्याला ३९ एमबीपीएस येतात. म्हणजे गावातले वाटप पुरेसे. अडते कोठे? तालुक्याहून गावच्या पेटीपर्यंत येणाऱ्या पुरवठ्यात. पाट रुंद खणला आणि विहिरीतच पाणी नाही, तसे. त्याची परीक्षा कागदावर होत नाही. ज्याने आधी घेतले आहे त्याच्या घरी रात्री आठ-साडेआठला जाऊन बसा, चहा घ्या, आणि त्याच्या जोडणीवर दोन फोनांवर व्हिडिओ लावून पाहा. सकाळी अकराला दाखवलेला वेग आम्ही धरत नाही.

विजेचे काय? डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि एक अँपिअरच्या आतबाहेर घेतो. आता फवारणीचा बॅटरी पंप आठवा. त्याची बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर. कागदावर आठ तास, प्रत्यक्षात पाच-सहा तास ती डबा चालवते. आमच्या एका कार्यकर्त्याने तसे केले आहे आणि ते चालते. पण डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेला व्होल्ट वाचल्याशिवाय आणि पिनेची धन-ऋण बाजू विजेच्या दुकानात तपासून घेतल्याशिवाय जोडू नका. उलटी जोडली तर डबा गेला. आणि हे सारे करून ग्रामपंचायतीतल्या पेटीलाच बॅटरी नसेल तर तुमचा डबा नुसता लाल दिवा दाखवीत बसेल. पुन्हा लिबिग.

तुटण्याबद्दल आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. आम्ही २०२२ मध्ये, मुलांच्या अभ्यासासाठी, घरी फायबर घेतले. माघात कडब्याची ट्रॉली गल्लीतून गेली, वरच्या पेंढ्यांत केबल अडकली आणि तुटली. कंपनीचे नाव घेत नाही. नऊ दिवस आम्ही फोन करीत होतो. तक्रारीचा नंबर मिळायचा, माणूस यायचा नाही. दहाव्या दिवशी शेजारच्या गावचा केबलवाला पोरगा त्याचे सांधायचे यंत्र घेऊन आला आणि वीस मिनिटांत तार जोडून गेला. काचेला काच वितळवून जोडावी लागते, चिकटपट्टी चालत नाही. बिलात ते नऊ दिवस होतेच. तेव्हापासून आम्ही कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारतो, तार सांधणारा माणूस किती किलोमीटरवर राहतो? वेग नंतर. आणि केबल रस्ता ओलांडते तेथे कापसाची भरलेली गाडी खालून जाईल एवढी उंच बांधून घ्या. पाइपलाइनचे खोदकाम निघाले तर जेसीबीवाल्याला आधी जागा दाखवा. घरात तार कपाटामागे घडी करून कोंबू नका. काच वाकवली की उजेड बाहेर सांडतो.

काही गावांत तारेशिवायचे 'एअरफायबर' विकतात. नावात फायबर आहे, तुमच्या घरापर्यंत नाही. ते टॉवरवरूनच येते, फक्त छपरावर चांगला ग्राहक बसवतात. ज्या गावात तार येणार नाही तेथे ते वाईट नाही. पण टॉवर थकला की तेही थकते, हे जाणून घ्या.

दोन भावांची घरे लागून असतील तर एक जोडणी पुरते. गल्लीला वाटून पैसे घेणे मात्र करू नका. तुमच्या जोडणीवरून कोणी भलते केले तर पोलीस तुमच्या दारी येतील. गावाला विकायचेच असेल तर त्याची सरळ वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी मंजूर केली, तिच्यात किराणा दुकानदारही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकतो. गावात एका दुकानाने ते केले तर अर्ध्या घरांना स्वतःची तार घ्यायची गरजच उरणार नाही.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. फायबर घ्या, भाव कळेल, भाव कळला की भाव मिळेल, असे विकणारे सांगतात. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसाच्या आयातीवरचा ११ टक्के कर काढला, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. ती बातमी तुमच्यापैकी कितीजणांना त्याच दिवशी मोबाइलवर कळली? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. कळून काय करता आले? कापूस बोंडात होता. बातमी लवकर पोचण्याला आमचा विरोध नाही, पण भाव पाडणारा निर्णय तारेतून लवकर आला म्हणून तो सौम्य होत नाही. त्या माउलीच्या घरी मुलगी बारावीला आहे आणि धाकटा दहावीला, टॉवरची रेंज घरात येत नाही. तिला आम्ही घ्या म्हणून सांगितले, महिन्याच्या बोलीने. तिच्या मालकांशी जेवणाच्या सुटीत बोलतो.

ज्यांनी फायबरवाल्याचा कागद बरोबर आणला असेल त्यांनी तो घेऊन मांडवाच्या मागच्या बाजूला यावे, एकत्र वाचू. दुपारी दोनला कापूस खरेदीच्या नोंदणीवर बसू, सातबाऱ्याची प्रत काढून ठेवा.